भीतीचा आलेख : एका संशोधनाची चिकित्सा

मुंबईच्या वायव्य टोकाला, मार्वेच्या समोर, खाडीपलीकडे मनोरी हे गाव आहे. मार्वेच्या धक्क्यावरून होडीत बसले की काही मिनिटांत मनोरीला उतरता येते. रस्त्याने जायचे म्हटले तर भाईंदर, उत्तन, गोराई असा लांबचा वळसा पडतो. त्यामुळे कॉलेज असो, क्लास असो की मोठे रुग्णालय, मनोरीच्या माणसाला खाडी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

या भागातील काही शिक्षकांशी मेंदू या विषयावर गप्पा मारण्याचा योग आम्हांला आला होता. गप्पा संपल्यावर एक बाई थांबून राहिल्या. त्यांच्या हातात एका लेखाचे कात्रण होते. त्यांच्या दहावीच्या वर्गातील एका मुलीला आदल्या वर्षी दोनदा फिट आली होती. (मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) गोळ्या सुरू झाल्यावर मोठी फिट पुन्हा आली नाही. पण मुलगी होडीत पाय ठेवायला तयार होईना. शिवाय वर्गात मध्येच ती एकदम घाबरते, चेहरा पांढरा पडतो, आणि थोड्या वेळाने जणू काही झालेच नाही अशी बसून राहते. पलीकडे जाऊन तिचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विजेचा आलेख, काढून आणला होता. अहवाल ‘नॉर्मल’ होता. तेव्हापासून घरी एकच वाक्य चालू होते : नाटक करते.

बाईंनी कात्रण पुढे केले. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत चिंतेचा नमुना शास्त्रज्ञांना सापडला, अशी ती बातमी होती. बाईंनी विचारले, “सर, हा नमुना हिच्या मेंदूत तपासून घेतला, तर हिची भीती खरी की खोटी ते कळेल ना?”

प्रश्न साधा होता आणि त्याच्या उत्तरावर एका मुलीचे दहावीचे वर्ष अवलंबून होते. म्हणून त्या बातमीमागचा मूळ शोधनिबंध आम्ही काढून वाचला. त्यात काय आहे, काय नाही, आणि त्याच्या बातम्यांत काय हरवले, याची चिकित्सा या लेखात केली आहे.

संशोधन काय होते?

हा निबंध ‘सेल’ या नियतकालिकात नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हे काम झाले. लॉरी किर्कबी या पहिल्या लेखिका, आणि विकास सोहल व एडवर्ड चँग हे ज्येष्ठ संशोधक.

अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना औषधांनी पुरता आराम पडत नाही. त्यांपैकी काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार होतो. झटका मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागातून सुरू होतो हे आधी शोधावे लागते, आणि त्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूत बारीक विद्युतअग्रे बसवून त्यांना कित्येक दिवस रुग्णालयात ठेवतात. अशा २१ रुग्णांनी संशोधनात भाग घ्यायला संमती दिली. त्यांच्या मेंदूतील विजेची नोंद अहोरात्र होतच होती. जोडीला, आत्ता कसे वाटते आहे, याची एक प्रश्नावली ते मधूनमधून भरत होते.

डोक्याच्या त्वचेवरून काढलेल्या आलेखापेक्षा ही नोंद फार वेगळी असते. कवटीच्या बाहेरून मेंदू ऐकणे म्हणजे सभागृहाच्या भिंतीला कान लावून आतला गलका ऐकणे. मेंदूत बसवलेले विद्युतअग्र हे आतल्या एका खुर्चीजवळ ठेवलेल्या ध्वनिक्षेपकासारखे असते. कानशिलाच्या आत खोलवर असलेले दोन भाग, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला आणि समुद्रघोड्यासारखा दिसणारा हिप्पोकॅम्पस, यांच्यापर्यंत असे थेट पोचता येते. पहिल्याचा संबंध भावनांशी, विशेषतः भीतीशी जोडला जातो, दुसऱ्याचा स्मरणाशी.

संशोधकांना आढळले ते असे. २१ पैकी १३ जणांत या दोन भागांचा ताल एकमेकांशी जुळत होता. सेकंदाला १३ ते ३० आवर्तने या पट्ट्यात, ज्याला बीटा म्हणतात, हे जुळणे ठळक होते. या १३ जणांत जुळण्यातील चढउतार वाढला की त्यांची मनःस्थिती बिघडलेली असे. उरलेल्या ८ जणांत ही जोडी दिसली नाही. आणि ज्यांच्यात ती दिसली त्या १३ जणांचा मूळ स्वभाव प्रश्नावलीनुसार त्या आठांपेक्षा अधिक चिंताळू होता.

तालाचे जुळणे म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना लेझमीच्या उदाहरणाने सांगता येईल. मैदानाच्या दोन टोकांना दोन पथके लेझीम खेळत आहेत. दोघांचा ठेका एकत्र वाढतो, एकत्र मंदावतो. तर आपण म्हणतो, यांचा काहीतरी संबंध आहे. ते एकमेकांकडे पाहून खेळत असतील, किंवा दोघेही तिसऱ्याच कोणाच्या हलगीवर नाचत असतील. नुसत्या ठेक्यावरून यांतले खरे कोणते ते सांगता येत नाही.

या कामाचे मोल

दोष काढण्यापूर्वी गुण सांगणे हे समीक्षकाचे कर्तव्यच आहे, आणि या निबंधाचे गुण खरोखर मोठे आहेत. भावनांवरील कितीतरी प्रयोगांत माणसाला यंत्रात झोपवून भीतिदायक चित्रे दाखवतात आणि काही मिनिटांच्या नोंदीवरून निष्कर्ष काढतात. येथे तसे नाही. माणसाची मनःस्थिती दिवसभरात आपोआप जशी बदलते, तशी ती कित्येक दिवस टिपली आहे. दुसरे असे की तुलना त्याच माणसाच्या बऱ्या आणि वाईट तासांमध्ये केली आहे. शाळेतील हुशार मुलाची ढ मुलाशी तुलना करण्यापेक्षा एकाच मुलाचे तासागणिक निरीक्षण केले तर अधिक कळते, हे शिक्षकांना सांगायला नको. तिसरे, जोडी ८ जणांत दिसली नाही ही गोष्ट त्यांनी निबंधाच्या सारांशातच उघडपणे लिहिली आहे.

मग आमची तक्रार कशाबद्दल आहे? थोडी निबंधाच्या मर्यादांबद्दल, आणि बरीचशी त्या मर्यादा गाळून पसरलेल्या बातम्यांबद्दल.

चार आक्षेप

पहिला आक्षेप शब्दांचा आहे. उदास वाटते तेव्हा मेंदूचे दोन भाग एकमेकांशी जास्त बोलू लागतात, अशा अर्थाचे वर्णन बातम्यांत सर्रास आले. निबंधात म्हटले आहे ते वेगळे. तेथे मनःस्थितीशी नाते जोडले आहे ते जुळण्यातील चढउताराचे, म्हणजे संख्याशास्त्रात ज्याला विचरण म्हणतात त्याचे. दोन वर्गांची सरासरी ५० गुण असू शकते. एका वर्गात सगळे ४५ ते ५५ मध्ये असतात, दुसऱ्यात कोणी १०, कोणी ९०. सरासरी तीच, विचरण वेगळे. ‘जास्त बोलतात’ हे सरासरीविषयीचे विधान झाले. ‘बोलणे कधी वाढते, कधी तुटते, आणि हा हेलकावा मोठा होतो’ हे विचरणाविषयीचे. दोन्ही सारखे नाहीत. वाक्य सोपे करताना निष्कर्षच बदलला.

दुसरा आक्षेप नमुन्याचा. हे २१ जण कोण होते? औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेले, शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर उभे असलेले, डोक्यात तारा बसवून रुग्णालयात पडून राहिलेले लोक. झटक्याचा उगम पकडता यावा म्हणून अशा वेळी पुष्कळदा औषधेही कमी करतात. अशा स्थितीत कोणाची मनःस्थिती ठिकाणावर राहील? शिवाय अमिग्डाला व हिप्पोकॅम्पस हेच भाग अनेकांच्या अपस्माराचे उगमस्थान असतात. तेव्हा येथे दिसलेला नमुना चिंतेचा किती, आजारी भागाचा किती, आणि त्या खोलीतील आठवड्याचा किती, हे वेगळे करायचे तर वेगळ्या परिस्थितीतील माणसांची तशीच नोंद लागेल. ती घेणे सोपे नाही, कारण निरोगी माणसाच्या मेंदूत केवळ कुतूहलापोटी तारा घालता येत नाहीत, आणि घालूही नयेत. ही अडचण संशोधकांनी निर्माण केलेली नाही. पण ती आहे, आणि बातमीत ती असायला हवी होती.

तिसरा आक्षेप त्या ८ जणांच्या वतीने. ‘चिंतेचा नमुना सापडला’ असे म्हटले की हे आठ जण बातमीतून नाहीसे होतात. त्यांच्यापैकी कोणालाच वाईट वाटत नव्हते असे नाही. माणूस आहे तेथे बरे-वाईट तास आहेतच. त्यांची मनःस्थिती मेंदूत दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने उमटत असली पाहिजे. शिवाय १३ जणांचा गट ८ जणांच्या गटापेक्षा सरासरीने अधिक चिंताळू होता, याचा अर्थ त्या तेरांतील प्रत्येक जण आठांतील प्रत्येकापेक्षा चिंताळू होता असा होत नाही. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा उंच असतात म्हणून उंचीवरून कोणी मुलगा-मुलगी ठरवत नाही.

चौथा आक्षेप कारणाचा. चढउतार वाढला म्हणून मन बिघडले, की मन बिघडले म्हणून चढउतार वाढला, की झोपमोडीसारख्या तिसऱ्याच हलगीवर दोन्ही नाचली? परस्परसंबंध दाखवणाऱ्या नोंदीतून हे ठरत नाही.

खरा नमुना कशाला म्हणावे?

आलेखातील नमुन्यावरून निदान कधीच करता येत नाही असे मात्र कोणी समजू नये. हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विजेचा आलेख १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९३५ मध्ये, गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी अमेरिकेत एक विलक्षण गोष्ट दाखवली. काही मुले बोलता बोलता पाच-दहा सेकंद थबकतात, नजर शून्यात लागते, आणि पुन्हा बोलू लागतात. त्या क्षणी त्यांच्या आलेखात सेकंदाला तीन या गतीने टोकदार कंगोरे आणि लाटा उमटतात. झटका सुरू झाला की नमुना सुरू, झटका संपला की नमुना संपला. जोरजोरात श्वास घ्यायला लावला तर उपचार न झालेल्या बहुतेक मुलांत तो मुद्दाम उमटवताही येतो.

येथून नमुन्याच्या तीन कसोट्या मिळतात. आजार असलेल्या जवळजवळ सर्वांत तो दिसतो का? आजार नसलेल्यांत तो सहसा दिसत नाही ना? लक्षणाबरोबर तो येतो आणि जातो का? १९३५ चा नमुना या तिन्ही कसोट्यांना चांगला उतरतो. २०१८ च्या नमुन्याची पहिल्या कसोटीवर २१ पैकी १३ अशी स्थिती आहे, दुसरी कसोटी लावायला अपस्मार नसलेले लोक अभ्यासात नव्हते, आणि तिसरीवर तो काही अंशी उतरतो. म्हणजे तो पुढील संशोधनाचा चांगला धागा आहे. निदानाचे साधन नाही. (जाता जाता : वर्गात वारंवार ‘तंद्री लागणाऱ्या’ मुलाला छडी दाखवण्यापूर्वी शिक्षकांनी १९३५ चा हा शोध आठवावा.)

आणखी एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. अमिग्डाला म्हणजे भीतीचे बटण, असे अलीकडे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. हे चित्र पोकळीतून आलेले नाही. माँट्रियल येथे पिएर ग्लूर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले की शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांच्या मेंदूतील या भागाला सौम्य वीज दिली असता काहींना विनाकारण भीती वाटते. पण याची दुसरी बाजूही आहे. एका दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झालेली एक अमेरिकन स्त्री शास्त्रीय साहित्यात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी प्रसिद्ध आहे. साप, भुताटकीचे वाडे, कशालाच ती घाबरत नसे. २०१३ मध्ये तिला कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा मात्र ती भीतीने कासावीस झाली. बटणच नाही, तरी दिवा लागला. अर्थात भीतीला मेंदूत एकाहून अधिक वाटा आहेत.

साध्या ईईजीचा हिशेब

आता पुन्हा त्या मुलीकडे येऊ. तिच्या डोक्यात कोणी तारा घातल्या नव्हत्या. तिचा काढला होता तो साधा, डोक्यावरून काढतात तो आलेख. तो ‘नॉर्मल’ आला याचा अर्थ काय?

अपस्मार असलेल्या माणसाचा पहिला साधा ईईजी काढला तर साधारण निम्म्याच वेळा त्यात अपस्माराची खूण सापडते. पुन्हा काढला, झोपेत काढला, तर हे प्रमाण बरेच वाढते. कारण उघड आहे : अर्ध्या तासाच्या नोंदीत मेंदूने खोडी केली पाहिजे. उलट बाजूने पाहिले तर कधीही झटका न आलेल्या निरोगी मुलांतही शंभरात दोन ते चार जणांच्या आलेखात अशी खूण दिसते.

हे आकडे फळ्यावर मांडून पाहावेत. समजा, एका शाळेत १,००० मुले आहेत आणि त्यांपैकी ५ जणांना अपस्मार आहे. सर्वांचा एकेक ईईजी काढला. पाचांपैकी दोन किंवा तीन सापडतील. पण उरलेल्या ९९५ निरोगी मुलांपैकी २० ते ४० जणांच्या आलेखातही खूण निघेल. म्हणजे ज्यांच्यावर यंत्राने बोट ठेवले त्यांतील बहुतेक निरोगी, आणि ज्यांना सोडून दिले त्यांत दोन-तीन खरे रुग्ण. म्हणूनच अपस्माराचे निदान मुख्यतः झटक्याच्या वर्णनावरून होते. ईईजी हा त्या वर्णनाचा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून मुलगी खोटे बोलते, हा निष्कर्ष त्या कागदात कुठेच लिहिलेला नसतो.

खोलातील छोट्या झटक्यांच्या बाबतीत तर आणखी पंचाईत आहे. अमिग्डालाच्या आसपासचा लहानसा झटका चालू असताना, शुद्ध पुरती असताना, डोक्यावरचा आलेख साफ कोरा राहू शकतो. भिंतीला कान लावणाऱ्याला आतली कुजबुज ऐकू आली नाही, म्हणून आत कोणी नाही असे थोडेच ठरते?

भीती तीन, शब्द एक

कात्रणातील लेखाचा आणि तशा बहुतेक लेखनाचा सर्वांत मोठा दोष आम्हांला वाटतो तो हा की त्यात ‘अपस्मार आणि चिंता’ असे म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात.

पहिली भीती हीच झटका असते. ती एकाएकी येते, कारण नसताना येते, दर वेळी जवळजवळ तशीच असते, आणि अर्ध्या ते दोन मिनिटांत ओसरते. तिच्यासोबत पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटणे, ओठ चाटणे, कपड्यांशी चाळा करणे, नंतर थोडा गोंधळ, असे काही असू शकते. तिचा इलाज अपस्माराच्या औषधात आहे.

दुसरी भीती झटक्यांच्या मधल्या काळातली. अपस्मार असलेल्यांत चिंताविकार सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे पाचांत एक असे निघाले. ही चिंता तासन्‌तास, दिवसेंदिवस राहते. तिच्यावर समुपदेशन आणि औषधे या दोन्हींचा उपयोग होतो. २०१८ च्या निबंधाचा संबंध आलाच तर या दुसऱ्या भीतीशी आहे.

तिसरी भीती आजूबाजूच्या जगाने दिलेली असते. ती मेंदूत उमटते हे खरे, पण तिचे कारण मेंदूत शोधून सापडत नाही. पाण्यावर फिट आली तर बुडेन, हे होडीत बसणाऱ्या मुलीला वाटणे हा विकार नव्हे, हिशेब आहे. पाण्यातील झटका खरोखरच जिवावर बेतू शकतो. वर्गात पडलो तर मुले हसतील, सोयरीक मोडेल, नोकरी जाईल, हेही अनुभवातूनच आलेले असते.

या तिसऱ्या भीतीचा इतिहास आपल्या कायद्यातही नोंदलेला आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोहोंत लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या जोडीने अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांचा उल्लेख आला. तो शब्द १९९९ मध्ये वगळण्यात आला. तेवीस वर्षे लाखो कुटुंबांवर या एका शब्दाची छाया होती. १९९९ साली कोणाच्या मेंदूतील लहरी बदलल्या नाहीत. बदलला तो कायदा. पण त्यामुळे कोणा मुलीच्या छातीतील धडधड कमी झाली असेल, तर ते श्रेय कोणत्या आलेखात दिसेल?

लपवाछपवी किती चालते याची जाणीव आपल्या डॉक्टरांना फार पूर्वीपासून आहे. मुंबईतील पारशी वसाहतींत नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सुमारे १४,००० लोकांची पाहणी केली. ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधीतरी अपस्मार झालेल्यांचे प्रमाण त्यांना हजारी ४.७ आढळले. वर फळ्यावर मांडलेला हजारी ५ हा आकडा म्हणूनच अगदी हवेतला नाही. रुग्णालयात बसून मोजले असते तर जे घराबाहेर पडत नाहीत ते मोजणीत आलेच नसते. दारावर जाऊन विचारणे हेही एक शास्त्रीय उपकरण आहे, आणि विद्युतअग्राइतकेच ते काळजीपूर्वक वापरावे लागते.

बाईंनी काय केले

आम्ही बाईंना सांगितले की हा नमुना तपासून खरे-खोटे ठरवता येणार नाही, पण खरे शोधण्याचे एक उपकरण त्यांच्या मनगटावर आहे. वर्गात मुलगी घाबरली की घड्याळ पाहावे. किती सेकंद, आधी काय चालले होते, हाक मारल्यावर उत्तर दिले का, हात-ओठ काय करत होते, नंतर काय म्हणाली, एवढे वहीत लिहावे. धक्क्यावर घाबरते तेव्हा आईला तसेच लिहायला सांगावे.

काही आठवड्यांनी वही भरली. वर्गातील नोंदी एकमेकींची नक्कल वाटाव्यात इतक्या सारख्या होत्या : चाळीस ते साठ सेकंद, आधी काही कारण नाही, हाकेला उत्तर उशिरा, ओढणीच्या टोकाशी चाळा. धक्क्यावरच्या नोंदी मात्र दर वेळी निराळ्या : भरतीला जास्त, ओहोटीला कमी, बाबा सोबत असले तर जवळजवळ नाहीच, एकदा तर वीस मिनिटे रडणे. एकाच मुलीत पहिली आणि तिसरी अशा दोन भीती नांदत होत्या, आणि घरच्यांनी दोहोंना मिळून नाटक हे एकच नाव दिले होते.

वही घेऊन ती मंडळी पुन्हा डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी ती सावकाश वाचली, झोपेतील आलेख काढायला सांगितला आणि औषधाची मात्रा बदलली. झोपेतील आलेखात खूण निघाली की नाही, हे आम्ही मुद्दामच येथे सांगत नाही. निर्णय त्यावर अवलंबून नव्हता.

धक्क्यावरच्या भीतीसाठी गोळी नव्हती. तिच्यासाठी दोन मैत्रिणी, तरंगते जाकीट आणि होडीवाल्यांना दिलेली थोडी माहिती, एवढे लागले. वर्गातील सर्व मुलांनाही बाईंनी काही गोष्टी शिकवल्या. फिट आली तर आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. कांदा, चप्पल, किल्ली यांपैकी काहीही हुंगवू नये, हातात देऊ नये. झटका थांबला की कुशीवर वळवावे आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत सोबत राहावे. घड्याळ लावावे, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. पाण्यात असेल तर डोके पाण्यावर धरून आधी बाहेर काढावे. कोळीवाड्यातल्या मुलांनी हे शेवटचे वाक्य सर्वांत लवकर पाठ केले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांचे काम पुढे जावो. त्यातून एखादे दिवशी चिंतेवर नेमका उपचार निघाला तर आम्हांला आनंदच होईल. पण तोवर अशी बातमी वाचणाऱ्या शिक्षकाने तिला तीन प्रश्न विचारावेत. किती जणांत दिसले आणि किती जणांत नाही? ती माणसे कोण होती? आणि कोणती भीती? ही उत्तरे बातमीत नसतील तर तिचे कात्रण विज्ञानाच्या तासाला जरूर न्यावे, डॉक्टरांकडे नेऊ नये. डॉक्टरांकडे न्यायची ती वही.

ती मुलगी होडीने जाऊ लागली आहे. ती काठाला बसत नाही, मध्ये बसते. आणि ते बरोबरच आहे.